कमांडो होण्याआधी

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील अभ्याससहलीत, झाशी मुक्कामी, विद्यार्थी, सोबत आलेले पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आज दिवसभर आपण झाशीचा किल्ला पाहिला, ‘कडक बिजली’ तोफेपाशी उभे राहिलो, राणीमहालाच्या रंगवलेल्या भिंती पाहिल्या. पाय दुखत असतील, याची मला कल्पना आहे. तरीही जेवणाची पाने मांडली जाईपर्यंत मिळालेला हा तासभर मी मागून घेतला आहे, त्याला एक कारण आहे.

सहलीला निघण्यापूर्वी दहावीच्या वर्गात मी चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या. पुढे काय व्हायचे आहे, एवढाच प्रश्न. एका बाकावरच्या तिघांनी ‘कमांडो’ हा एकच शब्द लिहिला होता. आणखीही काही चिठ्ठ्यांवर तोच शब्द होता, आणि त्यांतल्या दोन मुलींच्या होत्या. पण कमांडो कसे व्हायचे, हे एकाही चिठ्ठीत नव्हते. डॉक्टर व्हायचे म्हणणाऱ्या मुलाला निदान प्रवेशपरीक्षेचे नाव ठाऊक असते. इथे तेही नव्हते. त्या चिठ्ठ्यांना उत्तर देण्यासाठी झाशीहून योग्य जागा मला सुचली नाही.

दुपारी वाटाड्याने आपल्याला तटावरची ती जागा दाखवली, जिथून राणीसाहेबांनी पाठीशी दामोदररावांना बांधून घोड्यासह उडी घेतली, असे सांगतात. तुम्ही सगळ्यांनी तिथे फोटो काढले. मी अडवले नाही, पण आता बोलते. १८५८च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला. तात्या टोपे मदतीला आले, त्यांचा १ एप्रिलला बेतवेच्या काठी पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. त्यानंतर रात्री राणीसाहेब मोजके स्वार घेऊन बाहेर पडल्या आणि पाठलाग चुकवत काल्पीला पोहोचल्या. उडीची कथा लोकांनी प्रेमाने जपली आहे, ती जपावीही. इतिहासकार मात्र भांडेरी दरवाजाचे नाव घेतात. माझ्या मते उडीपेक्षा पुढची रपेट अधिक थोर आहे. झाशीहून काल्पी दीडशे किलोमीटरच्या आसपास. चैत्रातले ऊन, मागे शत्रूचे घोडदळ, पाठीशी मूल, आणि त्याआधीचे कितीतरी दिवस अखंड तोफांचा मारा. उडी क्षणाची असते. ती रपेट मात्र त्या रात्री सुरू झाली नव्हती, तिची तयारी वर्षानुवर्षे रोज पहाटे चालली होती.

हे मी कल्पनेने सांगत नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेत आले आणि नेमके या वेढ्यात सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये झाशीचा संहार आहे, तसाच राणीसाहेबांचा दिनक्रमही आहे. व्यायाम आणि घोड्यावरची रपेट हा त्या दिनक्रमाचा भाग होता. एका कोकणी भिक्षुकाने डोळ्यांनी पाहिलेले हे सारे आपल्या भाषेत लिहिलेले आहे. आपल्या ग्रंथालयात ते पुस्तक आहे. त्याच्या मागच्या कार्डावर अलीकडच्या तारखा फारशा नाहीत, हे जाता जाता नमूद करते.

आता कमांडोकडे येऊ. तुमच्या मनातले चित्र चित्रपटातले आहे. हेलिकॉप्टरमधून दोर सुटतो, काळ्या कपड्यांतला माणूस खाली येतो, दार फुटते. त्या चित्रपटवाल्यांना मी दोष देणार नाही, त्यांना अडीच तासांतच गोष्ट संपवायची असते. पण भारतीय लष्करात कमांडो म्हणून थेट निवड करणारी कुठलीही प्रवेशपरीक्षा नाही. आधी सैनिक किंवा अधिकारी व्हावे लागते. मग ज्याला विशेष दलात जायचे आहे, त्याने स्वेच्छेने नाव द्यायचे असते. कोणालाही तिथे हुकुमाने पाठवत नाहीत. पॅराशूट रेजिमेंटमध्ये जो थेट भरती होतो, त्यालाही विशेष दलाची परिवीक्षा चुकत नाही. ती साधारण तीन महिन्यांची असते. त्या काळात शरीराची परीक्षा होते हे खरे, पण ती केवळ दंडाची परीक्षा नसते. झोप मोडली जाते, ओझे पाठीवर देऊन मैलोन्‌मैल चालवले जाते, आणि सर्वांत थकलेल्या क्षणी एखादे बारीक, कंटाळवाणे, डोके शांत ठेवून करायचे काम दिले जाते. नकाशा वाचायचा असतो, पाहिलेल्या गोष्टी आठवून क्रमाने सांगायच्या असतात. नाव दिलेल्यांपैकी बहुतेक जण यातून आपल्या मूळ पलटणीत परत जातात. त्यात कसलाही कलंक नाही. परत गेलेला जवान उत्तम जवानच असतो.

जे टिकतात ते आग्र्याच्या पॅराशूट प्रशिक्षण शाळेत विमानातून उड्या घेतात. इथून गाडीने उत्तरेकडे निघालात, तर ग्वाल्हेरनंतर आग्राच लागते. मग मरून रंगाची टोपी मिळते, आणि विशेष दलाचे ते चिन्ह मिळते ज्यावर देवनागरीत ‘बलिदान’ असे कोरलेले असते. २०१९च्या विश्वचषकात महेंद्रसिंग धोनीच्या हातमोज्यांवर ते दिसले आणि घरोघर पोहोचले. बाजारात त्याचे स्टिकर मिळतात. आपल्या शाळेच्या सायकलतळावरही दोन-तीन सायकलींवर मी ते पाहिले आहेत. मुलांनो, जे चिन्ह मिळवायला माणसे एवढे सोसतात, ते पाच रुपयांत विकत घेऊ नये, असे मला वाटते.

या दलांशी आपल्या मराठी मुलुखाचे नाते जुने आहे. पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशातल्या टांगाइलजवळ जी हवाई छत्रीधारी फौज उतरली, ती हीच पलटण. पुढे हीच पलटण विशेष दलाची झाली. एकविसावी पॅरा पलटणही अशीच २१ मराठा लाइट इन्फंट्रीतून घडली. तिचे टोपणनाव ‘वाघनखे’ आहे, ते कुठून आले हे तुम्हाला सांगायला नको.

या एकविसाव्या पलटणीतल्या एका अधिकाऱ्याविषयी आज मला मुख्यतः बोलायचे आहे. कर्नल संतोष महाडिक. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे. शिक्षण साताऱ्याच्या सैनिक शाळेत. १९६१ साली सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. ते १९९८ मध्ये सैन्यात अधिकारी झाले, विशेष दलात गेले आणि ईशान्य भारतातल्या कामगिरीबद्दल त्यांना सेना पदक मिळाले. पुढे काश्मीरमध्ये ४१ राष्ट्रीय रायफल्सचे ते प्रमुख झाले. प्रमुखाचे काम नकाशासमोर बसून हुकूम देण्याचे असते, असा आपला समज असतो. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात दहशतवाद्यांचा माग काढणाऱ्या तुकडीच्या पुढे ते स्वतः होते. तिथेच गोळ्या लागून त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले.

पालकहो, आता मी तुमच्याशी बोलते आहे. तुमच्यापैकी काही जणांनी चिठ्ठ्यांविषयी कळल्यावर मला फोन केले. ‘बाई, तेवढं डोक्यातून काढा त्याच्या,’ असे एका आईने सांगितले. दुसऱ्या एका वडिलांना नेमके उलटे हवे होते, मुलाने सैन्यात जावे यासाठी शाळेने त्याला तयार करावे. दोघांनाही मी तेव्हा उत्तर दिले नाही. आता देते. या व्यवसायात मरण आहे. ते लपवून मुलाला उत्तेजन देणे ही फसवणूक आहे, आणि फक्त तेवढेच दाखवून त्याला घाबरवणे हीही फसवणूकच. मुलाला दोन्ही बाजू पूर्ण दिसू द्याव्यात आणि मग त्याचा शब्द ऐकावा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा शब्द ऐकणे सोपे नसते, हे मी घरी दोन मुले वाढवून शिकले आहे.

आणि त्यात घराचाही वाटा असतो. कर्नल महाडिकांच्या पत्नी स्वाती महाडिक शिक्षिका होत्या. दोन लहान मुले पदरात. पतीच्या अंत्यविधीनंतर त्यांनी स्वतः सैन्यात जायचे ठरवले. वयाची मर्यादा उलटून गेली होती. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी त्यांना त्यातून सवलत मिळवून दिली. मग मुलांना वसतिगृहाच्या शाळांत ठेवून, आपल्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान मुलींबरोबर चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत त्या दौडल्या, आणि ९ सप्टेंबर २०१७ रोजी लष्करात अधिकारी झाल्या. त्या कमांडो झाल्या नाहीत, सैन्याच्या आयुधसामग्री सांभाळणाऱ्या विभागात गेल्या. मला त्यांची गोष्ट अधिक अवघड वाटते. तिथे पुढे ओढणारा जोश नव्हता. रोज उठून सराव करायचा आणि रोज रात्री मुलांची आठवण सोसायची, एवढेच होते.

म्हणून मुलींनो, तुमच्या दोन चिठ्ठ्या मी वेगळ्या काढून ठेवल्या. झाशीत उभे राहून मुलींना ‘हे तुमचे काम नाही’ असे कोण म्हणेल? १९४३ मध्ये नेताजींनी आझाद हिंद सेनेतल्या स्त्रियांच्या पथकाला नाव दिले तेही ‘झाशीची राणी’ असेच. पण खरी स्थिती सांगणे माझे कर्तव्य आहे. लष्कराच्या पायदळाचे दार मुलींना अद्याप उघडलेले नाही. बाकीची दारे मात्र एकामागोमाग उघडत आहेत. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ‘कोब्रा’ या जंगलयुद्धाच्या कमांडो दलात फेब्रुवारी २०२१ मध्ये ३४ स्त्रिया दाखल झाल्या. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुलींना खुली केली, आणि ३० मे २०२५ रोजी आपल्या खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. मुलींच्या सैनिकी पूर्वतयारीसाठी नाशिकला शासनाची संस्था सुरू झाली आहे. मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला तशी संस्था १९७७पासून आहे. दोन्हीकडे अकरावी-बारावीचे शिक्षण आणि तयारी एकत्र होते. दहावीतल्या मुलांनी याची चौकशी आत्ताच करायची आहे, निकालानंतर नव्हे.

आपण मराठी माध्यमाची शाळा आहोत, आणि एक भीती मला मुलांच्या डोळ्यांत दिसते. इंग्रजीची. ती निराधार नाही. प्रबोधिनीच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असतात, इंग्रजीचा स्वतंत्र भागही असतो. गणिताला ३०० गुण आणि सामान्य क्षमतेला ६००. त्यानंतर निवड मंडळासमोर पाच दिवस. येताना भोपाळ स्थानकावर आपण सगळे खाली उतरून पाणी भरत होतो. त्या भोपाळमध्ये असे एक निवड मंडळ आहे. तिथे चित्र पाहून गोष्ट लिहायची असते, गटात चर्चा करायची असते, दोर-फळ्या-पिंपे देऊन एखादा अडथळा पार करायला सांगतात. त्यांना फर्डे इंग्रजी नको असते. दहा अनोळखी मुलांत तुम्ही दुसऱ्याचे ऐकता का, आणि दुसऱ्याला पुढे नेता का, हे ते पाहतात. पण ते दाखवता येण्याइतके इंग्रजी लागतेच. दोन वर्षे रोज एक पान मोठ्याने वाचा. यापेक्षा गुप्त उपाय माझ्यापाशी नाही.

उलट, आपली भाषा हेच बळ ठरल्याचे उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. १९९० साली गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी पोलिसांनी साठ जवानांचे एक पथक उभारले. सी-६० असे त्याचे नाव पडले. त्यात घेतले ते त्याच भागातले तरुण. त्यांना ते जंगल पायाखालचे होते आणि गोंडी, माडिया बोलता येत होते. बाहेरून आलेल्या धिप्पाड जवानाला वाटेवरची म्हातारी काय सांगते हे कळणार नाही, यांना कळत होते. आज सी-६०चे नाव देशभर घेतले जाते. हे पोलीस दल आहे, आणि पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा मराठीतच होते. लक्षात ठेवा, मैदानी चाचणीचे ५० आणि लेखीचे १००. मैदानावर घाम गाळून पुस्तक न उघडणारी मुले दरवर्षी याच हिशेबात मागे पडतात. गडचिरोलीची दुसरी बाजूही सांगायला हवी. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र प्रतिसाद पथकाचे १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेले. ती घरेही आपल्यासारखीच मराठी घरे होती.

एक गोष्ट मात्र थोड्या रागाने सांगणार आहे. आपल्या तालुक्याच्या रस्त्यावर ‘थेट कमांडो भरती, हमखास निवड’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. काही वर्षांपूर्वी आपल्याच एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी अशा एका ठिकाणी शेत गहाण ठेवून पैसे भरले. वर्षभर मुलाकडून धावणे आणि दंडबैठका करून घेतल्या, गुडघा दुखावला तरी थांबवले नाही, आणि शेवटी वैद्यकीय तपासणीत त्याच गुडघ्यावरून तो बाद झाला. चांगल्या अकादमी आहेत, निवृत्त सुभेदार मनापासून चालवतात त्याही मी पाहिल्या आहेत. पण निवडीची हमी कोणी देऊ लागला, तर पैशांची पिशवी बंद करून घरी यावे. दृष्टी, रंग ओळखण्याची क्षमता, सपाट पाऊल, कान, दात यांची तपासणी सरकारी रुग्णालयात आधीच करून घ्यावी. रंगांधळेपणासारखा दोष सोळाव्या वर्षी कळला, तर निराशा होते, पण चार वर्षे वाचतात आणि दुसरा मार्ग वेळेवर शोधता येतो.

आणि दुसरा मार्ग हवाच. अग्निपथ योजनेत जवान चार वर्षांसाठी घेतले जातात आणि त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम ठेवतात. बाकीची मुले एकविसाव्या ते पंचविसाव्या वर्षी घरी येतील. त्यांच्या हातात बारावीच्या पुढचे शिक्षण असले पाहिजे, निदान मुक्त विद्यापीठातून तरी. हे ऐकून त्या बाकावरच्या तिघांपैकी एकाचा चेहरा उतरलेला मला इथून दिसतो आहे. बाळा, ज्या अधिकाऱ्यांची नावे आज घेतली त्यांनाही विशेष दलात जाईपर्यंत आपण जाऊच, असे कोणी लिहून दिले नव्हते.

आता माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेला साठ वर्षे झाली. या साठ वर्षांत इथून किती मुले सैन्यात, नौदलात, पोलिसांत गेली, याची एकही नीट यादी शाळेपाशी नाही. हीरक महोत्सवानिमित्त ती करायला घेतली आहे. ज्यांना ठाऊक असेल त्यांनी आपली आणि आपल्या वर्गमित्रांची नावे कळवावीत. जे निवृत्त होऊन गावी आले आहेत त्यांनी महिन्यातून एका शनिवारी दुपारी शाळेत यावे. भाषण नको. मुले विचारतील, तुम्ही उत्तरे द्यावीत. परिवीक्षेत झोप कशी आवरता, आईला फोन कधी करता येतो, पगार किती मिळतो, भीती वाटते का. हे प्रश्न मला विचारले जातात आणि मला ते अर्धेच उत्तरता येतात.

उद्या सकाळी साडेसहाला ग्वाल्हेरसाठी निघायचे आहे, तिथे राणीसाहेबांची समाधी आहे. ज्या मुलांनी ‘कमांडो’ लिहिले होते त्यांनी साडेपाचला खाली यावे. क्रीडाशिक्षक सर आणि मी फाटकापाशी उभे असू.